टिपणाऱ्याचा अधिकार

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावे, पायातला काटा काढावा, तसा. कोणी ‘घेतो’ म्हणतात. लिहिताना जरा वजन आणायचे असले की ‘टिपतो’ म्हणतात. हा शेवटचा शब्द मला फार दिवसांपासून स्वस्थ बसू देत नाही. चिमणी अंगणातले दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई पदराने लेकराचे डोळे टिपते. आणि मचाणावरचा शिकारी सावज टिपतो तेही याच क्रियापदाने. एका शब्दात माया आणि बंदूक मांडीला मांडी लावून बसली आहेत, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या भागात दुसऱ्या भाषेचा आरसा नेहमी हाताशी असतो. कानडी माणूसही बोलताना फोटो आपल्यासारखाच काढतो. पण कानडी वर्तमानपत्रात बिबट्याचा फोटो आला की त्यावर ‘कॅमेऱ्यात सेरे’ अशा अर्थाचा मथळा असतो. सेरे म्हणजे कैद. तुरुंगाला कानडीत सेरेमने म्हणतात. मराठी वर्तमानपत्रेही मागे नाहीत, ‘कॅमेऱ्यात कैद’ हा मथळा आपल्याकडेही रोजचाच. इंग्रजीने तर आडपडदाच ठेवला नाही. गोळी झाडण्याचे क्रियापद तिने जसेच्या तसे कॅमेऱ्याला देऊन टाकले. तीन भाषा, आणि तिन्हींत या कामाला निरागस म्हणावा असा शब्द सापडू नये, हे काही उगाच नसावे.

प्रश्न साधा आहे. रानात जाऊन पाखराचे, जनावराचे, डोंगराचे चित्र आपण घेऊन येतो. ते घेण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो?

हा प्रश्न हुबळी-धारवाडच्या माणसाने विचारावा असाच आहे, कारण या जोडशहराइतकी सोयीची जागा या छंदाला क्वचितच असेल. धारवाडहून पश्चिमेला निघाले की दीड तासात दांडेलीचे रान लागते. दांडेलीचे अभयारण्य आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. पूर्वेला गदगच्या पुढे काळ्या रानातली तळी, दक्षिणेला राणीबेन्नूरचे काळवीट. एकीकडे पावसाने चिंब झालेला सह्याद्री आणि दुसरीकडे उघडा माळ, आणि दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. रविवारी पहाटे चारला विद्यानगरच्या किंवा सप्तापूरच्या एखाद्या कोपऱ्यावर गाडीत पिशव्या चढवणारी मंडळी दिसली तर ती लग्नाला निघाली आहेत असे समजू नये.

ही माणसे मी जवळून पाहिली आहेत, आणि बहुतेक भली आहेत हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. मोज्यात जळवा शिरून रक्त वाहत असते, खांद्यावर चार-पाच किलोंचा भार असतो, ओढ्याच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे, निसरड्या कातळावर एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळायचा. घरचे म्हणतात, एवढा जीव कॉलेजात असताना पुस्तकाला लावला असता तर! पण याच कष्टांतून मनात नकळत एक हिशेब उभा राहतो. इतके चढून आलो, इतका खर्च केला, रजा टाकली. आता फोटोशिवाय परत कसे जायचे? कष्ट केले म्हणजे हक्क आला, असा हा हिशेब आहे. माझ्या मते रानातले बहुतेक अनाचार दुष्टपणातून घडत नाहीत, या हिशेबातून घडतात.

हाच हिशेब शिकाऱ्याचाही होता. तोही पहाटे उठत होता, तोही जिवावर उदार होत होता, आणि म्हणून वाघाचे कातडे त्याला आपल्या धैर्याचे बक्षीस वाटत असे. १९२७ साली फ्रेडरिक चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवायची. तिला पाय लागला की उजेड पडून फोटो आपोआप निघायचा. जिम कॉर्बेट यांनीही पुढे कॅमेरा जवळ केला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, हे आज आपल्या ध्यानात येत नाही. तेव्हापासून आपण एक समजूत करून घेतली आहे की कॅमेऱ्याने कोणाचे काही जात नाही. वाघ वाघाच्या जागी, आपण आपल्या जागी, मधल्यामध्ये चित्र फुकटात मिळाले.

ते खरोखर फुकटात मिळते का, हे पाहायला मागडीच्या तळ्यावर जावे. गदग जिल्ह्यात, शिरहट्टीच्या बाजूला हे तळे आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले करडे हंस. मंगोलिया-तिबेटकडून निघून, हिमालय ओलांडून, हे पाखरू आपल्या कानडी मुलखातल्या एका गावतळ्यात उतरते. जानेवारी २०२४ मध्ये या तळ्याचे नाव रामसरच्या जागतिक पाणथळ यादीत गेले. पहाटे आणि सांजेला हे हंस आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा पाण्यात विसावतात. विसावलेल्या हंसाचा फोटो मात्र कोणाला नको असतो. हवा असतो तो शेकडो हंस एकदम उठल्याचा, पंखांनी आभाळ भरल्याचा. मग काठाने कोणीतरी मुद्दाम चालत जातो, कोणी टाळी वाजवतो, एखादा खडाही पडतो. हंस उठतात, आभाळ भरते, कॅमेरे कडकडतात, आणि घटकाभराने सगळे पुन्हा पाण्यावर येते. काय बिघडले?

बिघडले ते दिसत नाही एवढेच. हंसांना हिवाळ्याअखेर पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो, आणि त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. एकेका उड्डाणाला त्या साठ्यातला वाटा जातो. सकाळपासून चार गाड्या आल्या तर चार वेळा जातो. प्रत्येक जण म्हणतो, मी एकदाच उडवले. हा खर्च फोटो काढणाऱ्याने केलेला नाही, तो त्याच्यावतीने हंसांनी केला आहे, त्यांना न विचारता. फोटोची किंमत शून्य नसते. ती कोणीतरी मोजतोच. तो कोण, एवढाच प्रश्न असतो.

दांडेलीचा धनेश ती किंमत याहून फार मोठी मोजतो. धनेशाची मादी वीण जवळ आली की उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट राहते. महाधनेशाची मादी आत असतानाच पिसे गाळते, म्हणजे उडायची सोयही संपली. तीन-चार महिने ती आणि तिची पिल्ले नरावर अवलंबून असतात. तो उंबर-वडासारखी फळे पोटात भरून आणतो आणि फटीशी बसून एकेक फळ वर काढून आत देतो. ही सेरेमने तिने स्वतः बांधलेली असते, आणि तिचा सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो, की तो येईल.

आता त्या झाडाखाली पाच-सात माणसे तिवया रोवून बसली आहेत असे समजा. नर लांबच्या फांदीवर येतो, खाली हालचाल पाहतो, निघून जातो. पुन्हा येतो, पुन्हा जातो. खालची माणसे शांत आहेत, कोणी बोलत नाही, सिगारेटसुद्धा ओढत नाही. त्यांच्या मते ती अगदी शहाण्यासारखी वागत आहेत. पण आत फळ पोचलेले नाही. आणि खाली बसलेल्यांच्या मनात तोच हिशेब चालू आहे: सहा तास झाले, अजून फोटो मिळाला नाही, आता कसे उठायचे? जितका वेळ अधिक गेला तितका हक्क त्यांना अधिक पक्का वाटतो, आणि तितकीच आतली भूक वाढते. एकाच घड्याळावर दोन्ही चालू असते.

आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे, याचे मला नेहमी नवल वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, आणि तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. बंदूक लागत नाही, रक्त सांडावे लागत नाही. कायद्याची भाषा रुक्ष असते म्हणतात. पण ‘टिपणे’ या शब्दातली दुसरी बाजू इथे कवीपेक्षा कायदे करणाऱ्यालाच आधी दिसली.

यावर छायाचित्रकाराचे एक जुने उत्तर असते: मी फक्त साक्षी आहे. उपनिषदात एका झाडावरच्या दोन पाखरांचे रूपक आहे. एक फळ खाते, दुसरे न खाता नुसते पाहत असते. छायाचित्रकार स्वतःला दुसरे पाखरू समजतो. मला वाटते, इथेच त्याची फसगत होते. ते दुसरे पाखरू पाहण्याच्या मोबदल्यात काही घरी नेत नाही. त्याला ढोलीजवळची फांदी नको असते, ऊन पाठीमागे नको असते, आणि पाहिलेले दुसऱ्याला दाखवायचीही त्याला घाई नसते. आपण खाणारेच आहोत. आपले फळ वेगळे आहे एवढेच.

मग काय, कॅमेरे गुंडाळून ठेवायचे? असे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि तसे म्हणणाऱ्याने आधी संडूरची आठवण करावी. संडूरच्या मराठा संस्थानाचे वारस मुरारीराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) हे देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते, आणि त्याच वेळी देशातल्या नामांकित वन्यजीव छायाचित्रकारांपैकी एक. १९८३ साली त्यांचे रानातल्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. त्यांच्या घराण्याने १९५४ साली काढलेली कंपनी संडूरच्या डोंगरांतून मँगनीज आणि लोखंड काढत होती. आणि त्याच घरातला माणूस हत्तींच्या, अस्वलांच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडत होता. यात कोणी विसंगती पाहील. मला त्यात एक विचारण्यासारखी गोष्ट दिसते. ज्या पिढीने वाघ नुसता भिंतीवर टांगलेला पाहिला, तिला जिवंत जनावर पाहण्याजोगे वाटू लागले ते अशा चित्रांमुळेच. आवड आधी डोळ्यांतून शिरते. मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचून रानाकडे वळलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत, पण चित्र पाहून वळलेली त्याहून अधिक असतील. चित्र नको म्हणणे म्हणजे रान पुन्हा वनखाते आणि लाकूडतोड्यांच्या हवाली करणे.

तेव्हा प्रश्न चित्राचा नसून मिळवण्याच्या रीतीचा आहे. संडूर आणि होस्पेटच्या मधल्या खडकाळ टेकड्यांत दरोजीचे अस्वल अभयारण्य १९९४ साली झाले. तिथे दुपारी वनरक्षक खडकांवर गुळाची लापशी फासून येतात, आणि मग समोरच्या मनोऱ्यावरून लोक अस्वले पाहतात. पोराबाळांना अस्वल दिसते, तिकिटाचे पैसे येतात, अस्वलाचाही तोटा लगेच दिसत नाही. पण त्या फोटोत गूळ दिसत नसतो. पाहणाऱ्याला वाटते, हे अस्वल आपल्या मनाने या खडकावर आले. गणेशगुडीला, सुपा धरणाच्या वेळी सुरुंगाची दारू ठेवायला बांधलेल्या जुन्या कोठीपाशी, पाखरांसाठी उथळ पाणी ठेवले आहे आणि लपणात बसून लोक अंघोळ करणारी पाखरे टिपतात. हे त्यातल्या त्यात मला बरे वाटते. पाणी गुळासारखे लाचवत नाही, पाखराला यायचे तर येते, नाहीतर जवळच काळी नदी आहे. सर्वांत वाईट म्हणजे मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणे. ती त्याच्या हद्दीत शत्रू शिरल्याची खोटी दवंडी असते. बिचारे घरटे सोडून भांडायला येते, आणि त्याच्या त्या त्वेषाला आपण ‘सुंदर भावमुद्रा’ म्हणतो.

जगात यावरून मोठमोठ्यांची अब्रू गेली आहे. २००९ सालचे लंडनचे वन्यजीव छायाचित्रणाचे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाले होते. लांडगा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतले. २०१७ च्या एका विजेत्या चित्रातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला निघाला, असे तज्ज्ञांचे मत पडले आणि तेही बाद झाले. या बातम्यांवर आपण हसतो. पण पेंढा भरलेल्या मुंगीखाऊला निदान काही सोसावे तरी लागले नाही! खोटेपणाचा दंड झाला. खऱ्या घरट्यावर सहा तास बसून खरा फोटो आणणाऱ्याला मात्र टाळ्या मिळतात. ही आपल्या नीतीची वजने जरा तपासून पाहण्यासारखी आहेत.

कष्टांतून हक्क निर्माण होत नाही, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. धारवाड-बेळगावकडूनही वारकरी पंढरपूरला पायी जातात. पंधरा-वीस दिवसांची चाल, पावसाचे दिवस, पायाला फोड. आषाढीला तिथे पोचल्यावर कित्येकांना विठोबाच्या रांगेत उभे राहणेही जमत नाही. ते कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परत फिरतात. मी इतका चाललो, आता मला गाभाऱ्यात सोडाच, असे कोणी म्हणत नाही. चालणे त्यांचे होते, दर्शन त्याच्या मर्जीचे. रानात जाणाऱ्या कोणाला मी हे सांगितले तर तो म्हणेल, ती भक्तीची गोष्ट, ही कलेची. असेल. पण कळस पाहून परतलेला माणूस रिकाम्या हाताने आलो असे घरी सांगत नाही, हेही मी पाहिले आहे.

आणि रानात फक्त जनावरे राहत नाहीत. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांत धनगर गवळ्यांच्या वस्त्या आहेत. पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून म्हशी घेऊन आलेली ही माणसे अजून घरात मराठीच बोलतात. आपल्या कानाला थोडी वेगळी लागते, पण मराठीच. निसर्गछायाचित्रण करणाऱ्याला धुक्यातली म्हैस आणि तिच्यामागे काठी घेतलेली म्हातारी ही एकत्रच ‘निसर्ग’ वाटते. अशा एका वस्तीवर मी हुबळीच्या चार मित्रांबरोबर गेलो होतो. मंडळींनी कानडीत खाणाखुणा करून एका आजीला गोठ्याच्या दाराशी उभे केले. ती उभी राहिली, पदर नीट केला, चांगले दहा-पंधरा फोटो झाले. मी मराठीत बोललो तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आमचा फोटो लई जनांनी नेला रे बाबा. परत घेऊन आलेला अजून कोनी बघितला न्हाई.”

ती ‘काढला’ म्हणाली नाही, ‘घेतला’ म्हणाली नाही. ‘नेला’ म्हणाली. सुरुवातीला मी जे शब्द मोजले त्यांत हा नव्हता, कारण तो फोटो काढणाऱ्यांच्या तोंडचा नाहीच. ज्यांचा काढला जातो त्यांच्या तोंडचा आहे. धनेशाला किंवा हंसाला बोलता आले असते तर त्यांनीही बहुधा हाच वापरला असता. आमच्यातल्या एकाने पुढच्या महिन्यात फोटोच्या प्रती करून नेऊन दिल्या. आजीने त्या आरशाच्या कडेला खोचल्या आणि त्याला ताक दिले. अस्वलाला प्रत नेऊन देता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत अधिक जपावे लागते, इतके साधे हे गणित असावे.

एक भानगड अजून उरते, पत्त्याची. घरात मराठी आणि लेखणीत कानडी असलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांनी आपल्या एका प्रसिद्ध कवितेत लोकांना धारवाडच्या साधनकेरीला या म्हणून बोलावले. तळ्याचे नाव उघडपणे घेऊन बोलावले, आणि तरी त्या कवितेने तळ्याचे काही बिघडवले असे कोणी म्हणणार नाही. कारण कवितेतल्या साधनकेरीला पोचायला आधी कविता कळावी लागते. फोटोचे तसे नाही. तो नेमका कुठल्या दगडावर उभे राहायचे तेच सांगतो. दूधसागरच्या पुलावरून जाणारी गाडी २०१३ च्या एका हिंदी सिनेमात दिसली, मग तोच पूल, तीच गाडी, तोच कोन हजारोंना हवासा झाला. आणि जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत आलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. तो देखावा मात्र अनेकांनी हौसेने टिपला. हुबळीलाच मुख्यालय असलेल्या दक्षिण-पश्चिम रेल्वेने मग लोकांना विनवले की धबधबा डब्यातूनच पाहा. असो.

धबधबा गर्दीने पळून जात नाही. धनेशाचे वेगळे आहे. ढोली चांगली निघाली तर धनेश वर्षानुवर्षे तिथेच परत येतो, आणि तशा ढोलीला लागणारे जुने, जाड बुंध्याचे झाड जंगलात पैशाला पासरी मिळत नाही. त्या झाडाचा पत्ता एकदा फुटला की तो एका हंगामापुरता फुटत नाही. म्हणून आमच्याकडची काही जाणती मंडळी आता फोटोखाली स्थळ म्हणून ‘उत्तर कन्नड जिल्हा’ एवढेच लिहितात. तो जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. ज्याला तो पक्षी खरोखर पाहायचा असेल त्याने आधी उंबर कधी पिकतो ते शिकावे, मग त्या फळांवर कोण येते ते दुरून पाहावे, मग ते फळ घेऊन कोणत्या दिशेला जाते ते. याला दोन-तीन उन्हाळे लागतात असे ते सांगतात. आमचे एक स्नेही गेल्या वर्षी पहिल्या उन्हाळ्यापर्यंत पोचले. त्यांनी अजून कॅमेरा पिशवीतून काढलेला नाही; वहीत फक्त उंबरांची यादी आहे.